बबून वाचले, मग रुग्ण का नाही?

नमस्कार. माझ्या आधीच्या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया कळकळीची आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादातून अवयव निकामी होण्याच्या आजाराच्या, औषधांबाबत उंदरांवरचे निष्कर्ष माणसात टिकत नाहीत हे मान्य, पण बबून आणि मकाक यांनाही मी त्याच पंगतीला बसवलं, हे चूक आहे. ही माकडं आपल्या जवळच्या नात्यातली. त्यांच्यावरचे प्रयोगही नाकारले, तर औषध थेट रुग्णावर आजमावायचं का?

नातं जवळचं आहे, यात वाद नाही. माझा आक्षेप वेळेवर आहे. १९८७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला केव्हिन ट्रेसी आणि सहकाऱ्यांचा प्रयोग घ्या. बबूनच्या शिरेतून ई. कोलाय जंतूंचा जीवघेणा डोस सोडला होता. टीएनएफ हे दाह भडकवणारं प्रथिन निकामी करणारी अँटिबॉडी जंतूंच्या एक तास आधी दिली, तेव्हा शॉक, म्हणजे रक्तदाब कोसळणं, टळला, पण अवयवांची हानी टळली नाही. दोन तास आधी दिली, तेव्हा शॉक, हानी, मृत्यू, सगळंच टळलं.

आता आयसीयूत आणलेला रुग्ण डोळ्यांसमोर आणा. वय सत्तरीचं, जुना मधुमेह, न्यूमोनिया होऊन तीन-चार दिवस झालेले, रक्तदाब खाली आलेला, लघवी जवळपास थांबलेली. जंतू एकदम शिरेत सोडले, की रक्तातलं टीएनएफ दीड-दोन तासांत टोक गाठतं आणि उतरू लागतं. या माणसात संसर्ग फुप्फुसात मुरत मुरत वाढलेला आहे, आणि तो आपल्या हाती लागतो तेव्हा ती पहिली लाट बहुतेक ओसरलेली असते. संसर्गाच्या दोन तास आधी त्याला गाठणार कोण? पुढे हजारो रुग्णांवर टीएनएफविरोधी औषधांच्या चाचण्या झाल्या आणि सेप्सिसमध्ये अपेक्षित फायदा दिसला नाही. प्रयोग खोटा नव्हता. त्याने टीएनएफचं काम अचूक दाखवलं, आणि टीएनएफ रोखणारी औषधं आज संधिवाताच्या असंख्य रुग्णांना आधार देतात. पण त्यात विचारलेला प्रश्न आयसीयूतल्या डॉक्टरचा नव्हता.

ॲक्टिव्हेटेड प्रोटीन सी या सेप्सिसवरच्या औषधाचं उदाहरण तुम्ही माझ्याविरुद्ध दिलंत. तेही बबूनमध्ये प्रभावी ठरलं होतं, हे खरं. १,६९० रुग्णांच्या चाचणीत मृत्यूचं प्रमाण ३०.८ टक्क्यांवरून २४.७ टक्क्यांवर आलं आणि २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही आणि २०११ मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं. इथे सगळा दोष बबूनच्या माथी मारता येत नाही, कारण पहिली मानवी चाचणीही फसवी निघाली.

आता नात्याबद्दल. निरोगी स्वयंसेवकाला वजनाच्या दर किलोमागे दोन ते चार नॅनोग्रॅम एंडोटॉक्सिन, म्हणजे जंतूंच्या आवरणातलं विष, दिलं तरी तासा-दोन तासांत थंडी वाजून ताप भरतो. बबून आणि मकाक याच्या कितीतरी पट जास्त डोस सहन करतात. चिंपांझी या विषाला आपल्यासारखेच हळवे असतात, पण अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने त्यांच्यावरचं संशोधन २०१५ मध्ये थांबवलं, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. टीजीएन१४१२ हे रोगप्रतिकारक पेशींना चेतवणारं औषध सेप्सिसचं नव्हतं, तरी २००६ मधला तो प्रसंग विसरता येत नाही. मकाकना निर्धोक ठरलेल्या डोसच्या पाचशेव्या भागाने लंडनमधले सहा निरोगी तरुण बहुअवयव निकामी होऊन आयसीयूत गेले. सगळे वाचले, हे नशीब. ते औषध ज्या सीडी२८ रेणूला धरतं, तो माणसाच्या काही स्मृतिपेशींवर (जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवर) असतो. मकाकच्या तशाच पेशींवर नसतो. नातं जवळचं असूनही नेमक्या त्याच जागी फरक निघाला.

मग करायचं काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. बबूनवरचे प्रयोग सरसकट बंद करा असं मी म्हणत नाही. पण ज्या जिवाला वेदना कळतात, सोबत्यांची ओळख असते, त्याचा बळी घ्यायचा तर प्रयोग तेवढ्या तोलाचा हवा. संसर्ग फुप्फुसातून किंवा पोटातून सुरू झालेला असावा. औषध लक्षणं दिसल्यावर द्यावं, तेही अँटिबायोटिक, सलाईन आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर चालू असताना. काही प्राणी वयस्क असावेत, वेदनाशामक न चुकता द्यावं, आणि निकाल उलटा आला तरी छापावा. अशा प्रयोगात एखादं औषध तगलं, तर रुग्णांवरच्या चाचणीला माझा पाठिंबा राहील. जंतूंच्या आधी औषध देऊन वाचवलेल्या बबूनच्या भरवशावर मात्र मी तो देणार नाही.