काने, पण कुठले?

आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. ब्रह्मदेशात लढले आणि १९४६ साली घरी परतले ते एक ट्रंक, मलेरिया आणि एक जपानी तलवार घेऊन. खात्रीची माहिती एवढीच. बाकीची घरात तयार झाली. माझ्या लहानपणी ती तलवार एका जपानी जनरलची आणि दोनशे वर्षांची होती. ताईच्या लग्नापर्यंत ती चारशेची झाली. घरात तिला 'म्हातारी' म्हणतात. खंडेनवमीला आई तिला चिंच-राखेनं घासते, बाबा तिच्याच एका घावात कोहळा कापतात, मग हळदकुंकू वाहून सगळे तिच्या पाया पडतात.

गेल्या वर्षी मला अवदसा आठवली. म्हटलं, म्हातारीचं वय काढू, लोहाराचं नाव शोधू.

म्यान पत्र्याचं आणि मुठीवर पितळी साकुराची फुलं, म्हणजे वेष तर सरळसरळ फौजी. पण त्यावरून काही ठरत नाही. युद्धावर निघालेल्या कित्येक जपानी अधिकाऱ्यांनी घराण्यातली जुनी पाती नव्या मुठीत बसवून नेली होती. हे वाचून दाखवल्याबरोबर काका म्हणाले, "मग मासामुनेच!" मासामुने हा सातशे वर्षांपूर्वीचा, लोहारांतला देव. मी म्हटलं, त्यानं सही फार क्वचित केली. काका म्हणाले, "बघ! सही नसली की त्याचीच."

सही असते मुठीच्या आत, पात्याच्या शेपटावर. मूठ एका बांबूच्या खुंटीवर अडकलेली. खुंटी एका बाजूनं निमुळती, तिकडूनच ठोकायची असते. मी रविवारची सकाळ दुसऱ्या बाजूनं ठोकण्यात घालवली. शेवटी खुंटी निघाली, मूठ सुटली आणि आत तपकिरी गंज धरलेलं शेपूट दिसलं. हा गंज म्हणजे तलवारीचा जन्मदाखला. त्याच्या रंगावरून जाणकार वय सांगतात, त्याला बोटही लावायचं नसतं. मी जेवायला गेलो. परत येतो तर अर्धं शेपूट लख्ख! "किती वर्षांचा मळ होता रे," आई चिंच पिळत म्हणाली.

सुदैवानं अक्षरं शाबूत होती. आम्ही आठवडाभर ती न्याहाळली. मग पुण्याला जपानी शिकणारी भाची आली आणि म्हणाली, "मामा, टोक वर धर. उलटं वाचताय तुम्ही."

तिचं जपानी स्टेशनचा रस्ता विचारण्यापुरतं. तरी पहिलं अक्षर तिनं ओळखलं. "काने."

"काणे?" बाबा उठून बसले. "कोकणस्थ?"

पुढच्या अक्षराला ती अडखळली. लोहारानं घाईत खोदलेलं, त्याची तीन वेगवेगळी वाचनं निघत होती. पुस्तकात पाहिलं तर सेकी नावाच्या गावात शेकडो वर्षं बहुतेक लोहारांची नावं 'काने'नं सुरू होतात. कानेमोतो, कानेसादा, कानेफुसा. आणि एकाच नावाचे पिढ्यान्‌पिढ्या अनेक. म्हणजे गुहागरला जाऊन "काणे कुठं राहतात हो?" असं विचारण्यातला प्रकार.

मग तिनं पातं उलटवलं. त्या बाजूला अधिकचं चिन्ह, त्याखाली झुबकेदार मिशा. "दहा आणि आठ. शोवा अठरा." शोवा हा जपानी सन, त्यात १९२५ मिळवायचे. १९४३.

घरात शांतता पसरली. वर, सहीपाशी एक बारीकसा गोल शिक्काही होता: सेकीचा, युद्धकाळातला, माल तपासून पास केल्याचा. धारेवरची पांढुरकी लाट दिव्याखाली तिरकी धरून पाहिली. जुन्या पद्धतीच्या पात्यात, लाल तापवून पाण्यात बुडवलेलं असलं तर, तिथं बऱ्याचदा रव्यासारखे चकाकते कण दिसतात. आमच्याकडे सपाट धुकं. म्हणजे पातं बहुधा तेलात बुडवलेलं.

"तळलेली?" आईनं विचारलं.

काकांनी चप्पल घातली आणि गेले. बाबा मात्र हिशोब करत बसले होते. त्यांचाही जन्म १९४३ चाच.

"महिना कुठला?"

"मिशा आणि शिडी. आठवा. ऑगस्ट."

"आणि माझा १ जून! म्हणजे इतकी वर्षं मी धाकटीच्या पाया पडतोय?"

भाचीनं सांगितलं, "आजोबा, त्या महिन्यावर जाऊ नका. जुने लोहार तलवार कधीही करोत, महिना बहुतेक दुसरा नाहीतर आठवाच घालायचे. यानंही तीच रीत पाळली असेल."

हे बाबांना लगेच पटलं. त्यांचा १ जूनही शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेला. त्या वर्गातली निम्मी मुलं एकाच दिवशी जन्मलेली.

थोरलं कोण, हे काही सुटलं नाही. या खंडेनवमीला बाबांनी कोहळा एका घावात कापला, कुंकू वाहिलं आणि वाकता वाकता मध्येच थांबले. मग नुसती मान हलवली, पेन्शनच्या रांगेत ओळखीचं कुणी दिसलं की हलवतात तशी.