स्क्रू ड्रायव्हर न धरलेल्या माणसाचं उत्तर

‘निनावी’ महोदय,

नव्या मॉनिटरवर काळा रंग फिका दिसत असेल तर आधी संगणकाचं रंगांचं सेटिंग तपासा, असं सांगणाऱ्या माझ्या ‘मॉनिटर परत करण्याआधी हे पाहा’ या लेखाखाली तुम्ही काल जे लिहिलंत, ते आधी जसंच्या तसं देतो. म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल आणि मी सोयीचं तेवढंच घेतलं असं म्हणायला जागा राहणार नाही.

“सांगितल्याप्रमाणे केलं. आधी तो पर्याय फिकटच होता, बदलताच येईना, ते लेखात कुठेही नाही. शेवटी जमलं, तर घरच्या टीव्हीवर सिनेमातले अंधारातले प्रसंग पार बुडाले. सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर उपटायला सांगणं नवशिक्यांसाठी योग्य आहे का? कुठून तरी उचललेला लेख दिसतो. लेखकाने आयुष्यात स्क्रू ड्रायव्हर हातात धरला असेल असं वाटत नाही.”

पहिल्या तक्रारीत तथ्य आहे, मान्य. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डासोबत येणाऱ्या कंट्रोल पॅनेलच्या ‘चेंज रिझोल्यूशन’ पानावर ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा किती पल्ला पडद्याला पाठवायचा, ते) असतं खरं, पण ‘यूज डीफॉल्ट कलर सेटिंग्ज’ निवडलेलं असेपर्यंत ते फिकट राहतं. आधी खालचं ‘यूज एनव्हिडिया कलर सेटिंग्ज’ निवडायचं, मग ‘लिमिटेड’चं ‘फुल’ करायचं, मग ‘अप्लाय’. हाताला सवय झालेली असते, ती पायरी लिहायची राहून गेली. आज लेखात घातली. चूक दाखवली की आम्ही सुधारतो, तेवढा मोठेपणा आहे.

आता स्क्रू ड्रायव्हर.

साहेब, साताऱ्यात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करून द्यायचं, दुकान टाकलं तेव्हा माझ्याकडे एक १७ इंची सीआरटी (जुना, काचेच्या नळीचा) मॉनिटर, एक सेकंडहँड पीसी आणि लग्नपत्रिकांच्या ऑर्डरी एवढंच भांडवल होतं. ट्यूबलाइटखाली ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र नव्याने काढताना, तो मॉनिटर असा लुकलुकायचा की दुपारपर्यंत डोळ्यांतून पाणी यायचं. ८५ वर नेला तर बरं वाटायचं. मग हाव सुटली. विंडोज एक्सपीमध्ये ‘या मॉनिटरला न झेपणारे मोड लपवा’ अशा अर्थाची एक खूण असायची, ती मी काढून टाकली आणि १०० हर्ट्झ निवडलं. मॉनिटरमधून शिट्टीसारखा बारीक आवाज आला आणि पडदा काळा. पंधरा सेकंद हात बांधून बसलो असतो तर विंडोजनेच जुनं सेटिंग परत आणलं असतं. पण घाबरून मी कीबोर्डवर काहीबाही दाबलं आणि नेमकं तेच सेटिंग कायम झालं. सकाळी नऊला पत्रिका प्रेसला जायच्या होत्या. चालू होताना एफ ८ दाबून ‘एनेबल व्हीजीए मोड’ नावाची, विंडोज साध्या चित्रावर सुरू करणारी गोष्ट असते, हे मला त्या रात्री दोन वाजता कळलं. कुठून उचललं म्हणता? भीतीतून उचललं.

पुढे त्या मशीनसाठी एजीपी कार्ड (तेव्हाच्या पद्धतीचं ग्राफिक्स कार्ड) आणायला मी रात्रीच्या एसटीने मुंबईला गेलो. मुंबई सेंट्रलला उतरून चालत लॅमिंग्टन रोड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. दुकानं उघडायला तीन तास होते, तोवर फुटपाथवर चहा पीत बसलो. येताना कार्ड मांडीवर, वरच्या फळीवर ठेवायची हिंमत नव्हती. घरी आल्यावर स्क्रू ड्रायव्हर हातात धरला, बरं का, आणि जुनं कार्ड काढताना एजीपी स्लॉटचा प्लॅस्टिकचा खटका मोडला, कारण तो आधी दाबायचा असतो हे सांगणारं कोणी नव्हतं. त्या काळच्या स्वस्त कॅबिनेटची आतली पत्र्याची धार बोटं कापायची. माझ्या डाव्या अंगठ्यावर त्याची खूण अजून आहे. रॅमचे सोनेरी दात खोडरबराने किती वेळा घासले याचा हिशेब नाही. तुम्ही स्क्रू ड्रायव्हरची गोष्ट काढलीत म्हणून हे सांगितलं, नाहीतर मी स्वतःचं कौतुक करणाऱ्यातला नाही.

आणि ‘उचललेला’. हा शब्द मला खरंच लागला. त्या लेखातलं ‘फुल’ आणि ‘लिमिटेड’ मी कसं शिकलो, तेही ऐका.

सात-आठ वर्षांपूर्वी ओळखीच्या एका फ्लेक्सवाल्याने नवा मॉनिटर घेतला. जुना व्हीजीए केबलवर होता, नवा एचडीएमआयवर. पहिल्याच दिवशी त्याचा फोन, “दादा, काळा रंग काळा दिसतच नाही. वरून पिठी भुरभुरल्यासारखा दिसतोय.” दुकानदाराने मॉनिटर बदलून दिला, तरी तेच. पुन्हा बदलला, पुन्हा तेच. दरम्यान धंदा थांबवता येत नाही, म्हणून त्याने त्या फिकट पडद्यावरच एका स्थानिक भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स केला. फोटो फिका दिसतोय म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवला, सावल्या गडद केल्या, आणखी गडद केल्या. पडद्यावर सुंदर दिसायला लागल्यावर प्रिंटला पाठवला. सकाळी चौकात वीस फुटांवर भाऊ आणि त्यांचे सगळे शुभेच्छुक काळेठिक्कर. कार्यकर्ते दुकानात आले तेव्हा मीही तिथे होतो. ते दृश्य कुठल्याही वेबसाइटवरून उचलता येत नाही.

दोष मॉनिटरचा नव्हता. संगणकाच्या हिशेबात काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. टीव्हीच्या प्रसारणाच्या जुन्या पद्धतीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर, वरखाली थोडी जागा राखीव. एचडीएमआयची तार टीव्हीसाठी जन्मलेली. ती जोडल्यावर समोर टीव्ही आहे असं ग्राफिक्स कार्डाने धरलं, तर ते १६ ते २३५ पाठवतं. मॉनिटर बिचारा ० ते २५५ ची वाट पाहतोय. त्याच्या दृष्टीने १६ म्हणजे काळा नव्हे, गडद राखाडी. २३५ म्हणजे पांढरा नव्हे, मळका. आम्ही सेटिंग ‘फुल’ केलं, पाच सेकंद लागली. परत केलेले दोन्ही मॉनिटर ठणठणीत होते.

ही गंमत ओळखायची युक्तीही मी तिथेच शिकलो आणि आजही रोज वापरतो. लोक व्हॉट्सअॅपवर पडद्याचा फोटो पाठवतात. मी म्हणतो, फोटो पाठवा आणि स्क्रीनशॉटही पाठवा. स्क्रीनशॉट संगणकाच्या आत घेतला जातो, चित्र तारेवर जाण्याआधी. फोटोत रंग फिके आणि स्क्रीनशॉट माझ्या पडद्यावर नीट, म्हणजे भानगड कार्डाच्या आउटपुट सेटिंगपासून पुढे: रेंज, केबल किंवा मॉनिटर. स्क्रीनशॉटमध्येही ठिपके किंवा पट्टे आले, तर घोळ आतच, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा कार्ड. आणि विंडोज सुरू होण्याआधी बायोसच्या (मशीन चालू करताच येणाऱ्या) पडद्यावरही पट्टे असतील, तर ड्रायव्हरला शिव्या देऊन उपयोग नाही. हे लेखात होतं. पण तुम्ही बहुधा फिकट पर्यायापाशीच थांबलात.

राहिलं ड्रायव्हरचं. ‘उपटायला’ हा शब्द तुमचा, माझा नाही. ड्रायव्हर म्हणजे काँग्रेस गवत आहे का? डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर (जुना ड्रायव्हर पूर्ण काढून टाकणारा प्रोग्राम) सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज गरजेपुरत्याच गोष्टींसह सुरू करून, चालवण्याचा उपाय मी शेवटच्या परिच्छेदात, शेवटचा म्हणून दिलाय. त्याच्या कितीतरी आधी विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून पाहा असं लिहिलंय. पडदा क्षणभर काळा होतो, बीप येतो, ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, काहीही पुसलं जात नाही. ज्याला सेफ मोडची भीती वाटते त्याने तिथेच थांबावं. वाचकांना कुक्कुलं बाळ समजणं मला जमत नाही.

आणि टीव्ही. लेखाच्या शीर्षकात ‘मॉनिटर’ असा शब्द आहे, तो तुम्ही वाचला असेलच. टीव्ही १६ ते २३५ धरून बसला असेल आणि तुम्ही त्याला ० ते २५५ पाठवलं, तर १६ च्या खालचं सगळं एकाच काळ्यात जाणार, हे वरचं वाचल्यावर कोणालाही कळेल. त्यासाठी वेगळी प्रतिक्रिया लागत नाही. बऱ्याच टीव्हींच्या मेनूत ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ किंवा तशाच नावाचं काहीतरी असतं, ते जुळवा. ते सापडत नसेल तर कार्ड ‘लिमिटेड’वर ठेवा आणि सिनेमा बघा. माझी काही हरकत नाही.

एवढं करूनही अंधार कायम राहिला, तर फोटो आणि स्क्रीनशॉट दोन्ही पाठवा, सोबत टीव्हीचं मॉडेल. आणि खाली नाव लिहा. आमच्याकडे दुकानात येणारा माणूस बोलण्याआधी स्वतःचं नाव सांगतो.

ता.क. लेखात टीव्हीबद्दल दोन ओळी वाढवल्या आहेत. त्या माझ्या डोक्यात आधीपासून होत्याच.