गुडघ्याची दुखापत आणि मांडीचा हिशेब

सायकलवरून पडून गुडघा दुखावलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रकारचे सल्ले मिळतात. अंथरुणावरून हलू नकोस, हा पहिला. सायकल बंद असली तरी दुसरे काहीतरी करून घाम गाळत राहा, नाहीतर इतक्या वर्षांची मेहनत वाया जाईल, हा दुसरा. यंदा पहिल्या पावसात ओल्या रस्त्यावर चाक घसरून माझ्या उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूचे लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा पट्टा) अर्धवट फाटले. शस्त्रक्रियेची गरज पडली नाही, मात्र हे दोन्ही सल्ले तेव्हापासून भरपूर ऐकले. पहिला सल्ला घातक आहे आणि दुसरा अर्धाच खरा आहे, असे माझे मत झाले आहे. या काळात फिटनेस टिकवणे म्हणजे केवळ दम टिकवणे असे धरून चाललो, तर दम आधी परत येतो, गुडघा मागे राहतो, आणि सायकलस्वार दुसऱ्यांदा जखमी होतो तो बहुधा याच तफावतीमुळे.

आधी विश्रांतीबद्दल. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्याचा प्रयोग झाला. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा असे दिसले की प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता त्या तीन आठवड्यांत जेवढी घसरली होती, तेवढी मधल्या तीस वर्षांच्या वयोमानानेही घसरली नव्हती. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र १९७८ मध्ये ज्या डॉ. गेब मिर्किन यांनी मांडले, त्यांनीही पुढे स्वतःच सांगितले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरे होण्यास उशीर होऊ शकतो. सुरुवातीचे काही दिवस सांध्याला जपावे लागते, याबद्दल वाद नाही. घरच्यांच्या आंबेहळदीच्या लेपाबद्दलही माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती लेपाबरोबर येणाऱ्या ‘आता महिनाभर पाय हलवायचा नाही’ या हुकमाबद्दल.

गुडघ्यावर सूज असते तेव्हा नेमके काय घडते, हे कोणी नीट समजावून सांगत नाही. सांध्यात पाणी साचले की मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, मज्जासंस्थेकडून मिळणारा आदेशच क्षीण होतो. स्नायू शाबूत असतो, पण त्याला कामावर बोलावले जात नाही, आणि न वापरलेली मांडी झपाट्याने बारीक होते. माझ्या फिजिओ मॅडमनी पहिल्याच भेटीत पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि ती खाली दाबायला सांगितली. डाव्या पायाला सांगताच गुडघ्याच्या वाटीच्या वर आतल्या बाजूला टणक उंचवटा उभा राहिला. उजव्या पायाला मी मनातल्या मनात कितीही ओरडून सांगितले तरी तिथली कातडी नुसती थरथरली. घाट चढताना ज्या मांडीचा मला भरवसा वाटायचा, ती टॉवेल दाबायलाही तयार नव्हती. त्यांनी शिवणकामाची टेप घेऊन वाटीपासून ठरावीक अंतर वर मोजले, तिथे पेनाने खूण केली आणि दोन्ही मांड्यांचा घेर घेतला. आता दर रविवारी ते माप मीच घेते, आणि माझ्या मनगटावरच्या महागड्या घड्याळातल्या सर्व आकड्यांपेक्षा हा एक आकडा मला अधिक उपयोगी वाटतो.

म्हणूनच या काळातल्या व्यायामाचा क्रम लावायचा झाला, तर मी मांडी आणि खुबा यांना दमाच्या आधी बसवीन. टॉवेल दाबणे, पाय सरळ ठेवून उचलणे, कुशीवर झोपून पाय वर नेणे, जमू लागल्यावर भिंतीला पाठ टेकून अर्धे बसणे आणि जिन्याच्या एका पायरीवर सावकाश चढणे-उतरणे, हे सगळे दिसायला इतके किरकोळ आहे की शंभर किलोमीटर सायकल चालवणाऱ्या माणसाला त्याची लाज वाटते, आणि नेमक्या या लाजेपायीच बहुतेक जण ते दुसऱ्या आठवड्यात सोडून देतात. खुब्याच्या बाजूचे स्नायू दुबळे असले तर पेडल मारताना गुडघा आत झुकतो आणि आतल्या लिगामेंटवर ताण येतो, त्यामुळे मांडीइतकेच लक्ष त्यांच्याकडेही द्यावे लागते.

दुखऱ्या पायाचे व्यायाम चालू असताना बऱ्या पायाला सुट्टी देण्याचेही कारण नाही. एका बाजूच्या अवयवाला व्यायाम दिला की दुसऱ्या बाजूची ताकदही थोडी वाढते, हे येल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १८९४ मध्येच नोंदवले गेले होते. हा परिणाम स्नायूंपेक्षा मज्जासंस्थेत घडतो. तो फार मोठा नसतो, परंतु दुखरा पाय अडकून पडलेला असताना फुकटात मिळणारी ही ताकद का सोडावी?

आता दमाकडे येऊ. परवानगी मिळाल्यावर पोहणे उत्तमच, पण आपल्याकडे पोहायला जा असे सांगितले की निम्मे लोक बेडकासारखे पाय मारत ब्रेस्टस्ट्रोक सुरू करतात. त्या लाथेत गुडघ्याच्या आतल्या बाजूवरच ताण येतो, आणि पोहणाऱ्यांमध्ये ‘ब्रेस्टस्ट्रोकरचा गुडघा’ म्हणून वेगळे दुखणे ओळखले जाते ते यामुळेच. माझ्यासारखी दुखापत असणाऱ्याने मांड्यांमध्ये फोमचा ठोकळा धरून केवळ हातांनी फ्रीस्टाइल मारावे, किंवा तरंगण्याचा पट्टा बांधून खोल पाण्यात जागच्या जागी धावावे. तलाव जवळ नसेल, तर खुर्चीत बसून हलकी डंबेल्स घेऊन केलेले ठोसेसुद्धा पाच मिनिटांत धाप लावतात. योगासनांच्या बाबतीत माझे मत अनेकांना रुचणार नाही, तरी सांगते. वज्रासन आणि पद्मासन या दिवसांत वर्ज्य समजावे, सूर्यनमस्कारात गुडघा जमिनीवर टेकवण्याचा आग्रह सोडावा, आणि पंगतीत मांडी घालून बसण्याऐवजी निःसंकोच खुर्ची मागावी. श्रावणात दोन घरी मी तशी मागितली. सत्यनारायणाचा काही कोप झाला नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर, सायकल बंद झाल्यावर वजन वाढेल या धास्तीने जेवण तोडणे हे दुबळ्या होणाऱ्या मांडीला आणखी दुबळे करणे आहे. पोळी-भात थोडा कमी करावा, पण प्रथिने कमी करू नयेत. एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, १०० ग्रॅम कोरड्या डाळीत ती २२ ते २४ ग्रॅम असतात, आणि आपल्या पातळ आमटीच्या वाटीत ती डाळ किती उतरते हे ज्याने त्याने पातेल्यात डोकावून पाहावे. मटकीची घट्ट उसळ, पिठले, दही यांवर माझे बरे चालले आहे.

सायकलवर परतण्याची सुरुवात होम ट्रेनरवरच, म्हणजे सायकल घरात जागच्या जागी चालवता येईल अशा स्टँडवरच, व्हावी. पेडलचा पूर्ण फेरा मारायला गुडघा सुमारे ११० अंशांपर्यंत वाकावा लागतो. तेवढा वाकत नसेल तर सीट तात्पुरती थोडी उंच करता येते. पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट मात्र या टप्प्यात नकोतच, कारण पाय सोडवताना टाच बाहेर फिरवावी लागते आणि तो पीळ थेट गुडघ्यात जातो. पुढचा मुद्दा गिअरचा. तेवढ्याच वेगासाठी मिनिटाला ९० फेऱ्यांऐवजी ६० फेऱ्या मारल्या, तर प्रत्येक फेऱ्यात दीडपट जोर लावावा लागतो, आणि हा जादा भार गुडघ्यावर पडतो. जड गिअर दाबत चढण्यातच पौरुष आहे असे मानणारी जमात पुण्यात मोठी आहे (आणि तिच्यात स्त्रियाही आहेत). कात्रजचा जुना घाट कोणी कोणत्या गिअरवर चढला याच्या गप्पा चहाच्या टपरीवर रंगतात, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कसा होता हे त्या गप्पांत येत नाही. माझ्या दृष्टीने दुसऱ्या दिवसाची सकाळ हीच कसोटी आहे. सूज वाढली नसेल आणि जिना उतरताना कालच्यापेक्षा जास्त दुखत नसेल, तरच पुढची पायरी.

मैदान सोडणे म्हणजे कच खाणे, असे ज्यांना वाटते त्यांनी फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनॉ आठवावा. १९८० च्या टूर द फ्रान्समध्ये आघाडीवरच्या स्पर्धकाची पिवळी जर्सी अंगावर असताना गुडघ्याच्या दुखण्यामुळे तो पो या गावातून स्पर्धा सोडून गेला. त्याच मोसमात सालाँश येथे तो जगज्जेता झाला. १९८३ मध्ये गुडघ्याने त्याला पुन्हा दगा दिला आणि टूर हुकली. शस्त्रक्रिया झाली, आणि १९८५ मध्ये त्याने पाचव्यांदा टूर जिंकली. आपल्या रविवारच्या राइडला तर जर्सीही नसते, असते ती फक्त मोबाइलवर मिळणारी शाबासकी.

आमच्या ग्रुपमध्ये सध्या हिवाळ्यातल्या बीआरएमची, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडची, चर्चा जोरात आहे. २०० किलोमीटर, साडेतेरा तासांची मुदत. माझा दम आताच तेवढा आहे, असे घड्याळ सांगते. परंतु उजव्या मांडीचा घेर अजून डावीपेक्षा कमी भरतो आणि उजव्या पायावरची एकेरी उठाबशी डाव्याच्या तुलनेत तोकडी पडते. दोन्ही पायांच्या ताकदीतला फरक दहा टक्क्यांच्या आत येईपर्यंत नाव नोंदवायचे नाही, असे फिजिओ मॅडम आणि मी मिळून ठरवले आहे, तेव्हा कृपया फॉर्मची लिंक मला पुन्हा पाठवू नये.