वसूल झाल्याशिवाय उठायचं नाही

इनडोअर वॉटर पार्कच्या रिसॉर्टात सहकुटुंब एक रात्र काढायची असं ठरलंच असेल, तर आधी डोक्यातून ‘आराम’ हा शब्द काढून टाका. आराम घरी फुकट मिळतो. इथे तुम्ही पैसे मोजून जाणार आहात आणि ते वसूल करून परतणार आहात. पुढचे सगळे सल्ले या एकाच तत्त्वावर उभे आहेत. मी स्वतः ते पाळले आहेत, आणि माझी पाठ आता बरीच बरी आहे.

घरातलं कुणीतरी, बहुतेक आजीच, विचारेल, “अरे, समुद्र असताना हे कशाला?” त्यांना जपानमधल्या मियाझाकीची गोष्ट सांगा. तिथे १९९३ साली ‘ओशन डोम’ उघडला. आत किनारा, आत लाटा, वर उघडमीट होणारं छप्पर. आणि खरा समुद्रकिनारा? चालत जाण्याच्या अंतरावर. हा छपराखालचा समुद्र २००७ साली बंद पडला. बाहेरचा अजून चालू आहे, पण त्याला तिकीट नाही, त्यामुळे तिथे वसूल असं काही करता येत नाही. माणूस तिथे तासभर नुसता बसून येतो. असली वेळेची नासाडी आपल्याला परवडणारी नाही.

वसुलीची खरी जिद्द बघायची तर बर्लिनच्या दक्षिणेला बघावी. तिथे अवजड माल वाहणारी, वायूने फुगवलेली हवाई जहाजं बांधायला एक अवाढव्य हँगर उभारलं होतं. ३६० मीटर लांब, १०७ मीटर उंच, मधे एकही खांब नाही. जहाजं बांधून होण्याआधीच कंपनीचं दिवाळं वाजलं. आता एवढ्या मोठ्या डब्याचं करायचं काय? २००४ च्या डिसेंबरात त्यात वाळू, ताडमाड आणि कोमट समुद्र भरून लोकांना आत सोडलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन डेल्स या गावाची अडचण वेगळी होती. उन्हाळ्यात गर्दी, हिवाळ्यात हॉटेलांत शुकशुकाट. १९९० च्या दशकात तिथल्या हॉटेलवाल्यांनी पाण्यावर छप्पर घातलं आणि बर्फ पडत असतानाही खोल्या भरू लागल्या. आता ते गाव स्वतःला जगाची वॉटर पार्क राजधानी म्हणवून घेतं. सांगायचा मुद्दा, वसुलीचा हा खेळ त्यांनी आपल्या कितीतरी आधी सुरू केला आहे. आपण उशिरा आलो आहोत, तेव्हा घाई करा.

पहिला हिशेब वेळेचा. ‘एक रात्र, दोन दिवस’ असं लिहिलेलं वाचून तुम्ही अठ्ठेचाळीस तास धरले असतील. खोली दुपारी चारला मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकराला सोडावी लागते. हे झाले एकोणीस तास. त्यातून पार्क बंद असण्याची वेळ वजा करा, मग जेवणाची रांग, मग हरवलेला एक गॉगल शोधण्याची वेळ. उरलेल्या तासांनी एकूण खर्चाला भागा. येणारा आकडा पाठ करा आणि कुणीही खुर्चीत टेकलेलं दिसलं की मोठ्याने म्हणून दाखवा. आमच्याकडे मी हा आकडा इतक्यांदा म्हटला की धाकटीने तो चालीवर बसवला.

मात्र पार्कात खोलीच्या आधीच सोडतात, ही बातमी तुम्हाला कुठूनतरी लागेलच. मग दुपारी बाराला सगळं सामान, दोन मुलं आणि आजी यांच्यासह लॉबीत हजर व्हा. कपडे बदलायच्या खोलीतल्या एका ओल्या बाकावर अख्ख्या घराच्या बॅगा उघडा. सगळ्यांचे कॉस्च्युम सगळ्यांत खाली असतात. ते बॅग भरताना पहिल्यांदा ठेवले होते, आठवणीने, विसरू नये म्हणून.

मनगटावर पट्टा बांधतील. त्यात चिप असते. खोलीचं दार त्याने उघडतं, लॉकर त्याने उघडतो आणि तुमचं खातंही त्यानेच उघडं पडतं. पाकीट काढायचं नाही, नोटा मोजायच्या नाहीत, हात पुढे केला की ‘टिंग’. तुमच्या मुलाला नोटा मोजता येत नसल्या तरी हात पुढे करता येतो, हे पार्कवाल्यांनी तुमच्या आधी ओळखलेलं आहे.

आत पाऊल टाकल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरेल. पाण्याची वाफ कमी व्हावी म्हणून आतली हवा पाण्यापेक्षा अंश-दोन अंश गरमच ठेवतात, त्यामुळे भिजलेला माणूस सुखात असतो आणि कोरडा माणूस घामाने भिजतो. पुसू नका, पुन्हा धरते. नुसत्या आवाजावरून आपली मुलं ओळखायला शिका. हे सोपं नाही, कारण काँक्रीट, फरशी आणि काच यांच्यावर आपटून तिथे प्रत्येक हाक परत येते आणि ‘आई’ अशी हाक आली की चाळीस बायका वळून बघतात.

मग तो वास येईल. छाती भरून घ्या आणि मुलांना सांगा, “बघा, किती स्वच्छ ठेवलंय!” स्वच्छ राखलेल्या पाण्यातल्या क्लोरिनला एवढा वास नसतो, हे त्यांना सांगत बसू नका. घाम, अंगावरचा मळ आणि लघवी यांच्याशी क्लोरिनची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतात. तो वास त्यांचा, लाल डोळे त्यांचे आणि खोकलाही त्यांचाच. छपराखाली हवा कोंडली की ते पाण्यालगत साचून राहतात. थोडक्यात, वास जितका उग्र, तितकी आपल्या आधीची मंडळी मनमोकळी. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली एक नामी युक्ती केली. काही कृत्रिम साखर शरीरातून जशीच्या तशी बाहेर पडते; तिचं प्रमाण मोजून त्यांनी ८ लाख ३० हजार लिटरच्या एका तलावात लघवी किती असावी याचा अंदाज काढला. आला ७५ लिटर. घरातल्या पाच बादल्या म्हणा. आणि अख्ख्या तलावात विचाराल तर ‘मी नाही केली’.

उतरण्यापूर्वी अंग धुऊन घ्या अशी पाटी असते. मिनिटभराच्या शॉवरनेही बराचसा मळ निघून जातो आणि पाण्याचं काम हलकं होतं. पण तो मिनिट पार्कच्या वेळातून जातो. चार माणसांचे चार मिनिटं. वसुलीत बसत नाही, सोडून द्या. पोट बिघडलेलं मूल घरी ठेवावं असंही लोक सांगतात, कारण पोट बिघडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी नीट क्लोरिन घातलेल्या पाण्यातही आठवड्याहून जास्त जगतो. पण बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीत ना! असो. चेक-आउटची घाई नसलेला तिथला एकटाच पाहुणा म्हणजे तो परजीवी.

आता घसरगुंडी. मोठ्या घसरगुंड्यांना बऱ्याच ठिकाणी ४८ इंच उंचीची अट असते, म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटर. मुलाची उंची घरी मोजू नका. घरी मोजलीत तर निराशा घरीच होईल, आणि तिचे पैसे मोजलेले नसतील. ती तिथेच, रांगेच्या तोंडाशी, रंगीत पट्टीखाली उभं राहून होऊ द्या. आमचा थोरला साडेसत्तेचाळीस भरला. त्याने छाती फुगवली, मान ताणली, टाचा नकळत उचलल्या. पट्टीपाशी उभ्या पोराने शांतपणे त्याच्या पायांकडे बोट दाखवलं. टाचा खाली आल्या. मग थोरल्याने ओले केस बोटांनी उभे केले आणि पुन्हा उभा राहिला. ते केस माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून खाली पडले. त्या क्षणी माझ्या खिशात जगातली सगळी दौलत असती तर मी अर्धा इंच विकत घेतला असता. पण कॉस्च्युमला खिसा नव्हता, आणि पट्ट्यावर तेवढंच एक मिळत नव्हतं.

मग काय, तुम्ही एकटेच वर जा. कुणीतरी वसूल करायलाच हवं. दोन माणसांची ट्यूब डोक्यावर घेऊन चार मजले जिना चढा. पुढच्याच्या ट्यूबमधून पाणी ठिबकत तुमच्या मानेवर, तुमच्यातून मागच्याच्या. प्रत्येक पायरीवर थांबा. पाय गार, टाळू गरम. वर पोहोचल्यावर एक मुलगी कंटाळलेल्या आवाजात हात छातीशी बांधायला सांगेल आणि ढकलून देईल. मी आकडे म्हणत गेलो होतो. सतरा झाले तेव्हा खालच्या पाण्यात नाकातोंडात पाणी जात होतं. चाळीस मिनिटांची रांग आणि सतरा सेकंद. भागाकार करू नका. हा एवढा एकच भागाकार मी तुम्हाला करू नका म्हणतोय.

मधोमध एक महाकाय बादली टांगलेली असेल, हजार गॅलनची, म्हणजे सुमारे ३,८०० लिटर. तिला उलटं करायला कुणी बटण दाबत नाही. बादली जिथे टांगलेली असते त्या दांड्याच्या खाली तिचं वजन असतं तोवर ती शहाण्यासारखी सरळ राहते. पाणी चढत जातं, वजनाचा मध्य दांड्याच्या वर सरकतो आणि एका थेंबासरशी ती कलंडते. अगोदर घंटा वाजते. संध्याकाळी सहाच्या सुमारास, धाकटीला चौथ्यांदा शू लागली आणि ओला कॉस्च्युम चौथ्यांदा काढायची वेळ आली, तेव्हा ही यंत्ररचना मला आतून समजली. फक्त घंटा वाजली नाही. घरच्यांचं म्हणणं, वाजायला हवी होती.

लाइफगार्डबद्दल एक सल्ला. तो आहेच, तर तुम्ही मोबाइल काढा. त्यांना शिकवतात की दहा सेकंदांत आपल्या भागावरून नजर फिरवायची आणि वीस सेकंदांत पोहोचायचं. बिचारा शिट्टी तोंडात धरून तेवढंच करत असतो, दोनशे डोकी मोजत. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही, गप्प जातं. आणि दंडातले फुगे म्हणजे जीवरक्षक साधन नव्हे. पण तुम्हाला फोटो टाकायचा आहे. टाका. आमच्या आजी मात्र साडी गुडघ्यापर्यंत वर खोचून दिवसभर लहानांच्या तलावात, धाकटीपासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. एकही घसरगुंडी नाही, लेझी रिव्हरची, म्हणजे ट्यूबवर बसून संथ वाहत जायच्या पाण्याची, एक फेरी नाही. त्यांच्या तिकिटातलं काहीच वसूल झालं नाही, असं मी रात्री बोलून दाखवलं. त्या काही म्हणाल्या नाहीत. पायाला तेल लावत होत्या.

मुलांच्या बोटांना सुरकुत्या पडल्या की थांबायचं, हा गैरसमज आहे. कातडी पाणी पिऊन फुगते असं आपण समजतो. प्रत्यक्षात मज्जातंतूच रक्तवाहिन्या आवळतात आणि कातडीला चुण्या पडतात. ज्या बोटाचा मज्जातंतू तुटलेला असतो, त्याला सुरकुती पडत नाही. ओली वस्तू पकडायला या चुण्यांची मदत होते असंही प्रयोगात दिसलं आहे. म्हणजे शरीर स्वतःच सांगतंय, अजून घट्ट धर, अजून तीन तास आहेत.

रात्र. खोलीत मुलांसाठी गुहेसारखा कोनाडा आणि त्यात वर-खाली दोन पलंग असतील. दोघांनाही वरचाच हवा असतो. ओले कपडे दिव्यावर, टीव्हीवर, खुर्चीवर आणि दाराच्या मुठीवर पसरा. सकाळपर्यंत त्यातलं काहीही वाळणार नाही, पण तुम्ही प्रयत्न केला असं होतं. मग अंथरुणावर पडा आणि छताकडे बघत आकडा आठवा. झोपेचा तास हा सगळ्यांत महाग तास. दिवसा त्या पैशांत निदान कानात पाणी तरी जातं. बाहेर मार्गिकेत दुसऱ्यांची मुलं पहाटेपर्यंत धावत असतात. त्यांचे आईवडील आपल्यापेक्षा कसलेले.

सकाळी ओला कॉस्च्युम चढवणं ही स्वतंत्र कला आहे, तिची तयारी ठेवा. रात्रभर गारठलेलं ते कापड गोळा होऊन दोरखंडासारखं होतं. धाकटीचे दोन्ही पाय त्यात गेले. गुडघ्यांपर्यंत आलं. तिथे अडलं. मी ओढलं तशी ती कापडासकट हवेत उचलली गेली, पण कॉस्च्युम तसूभर वर सरकला नाही. “बाबा, गार आहे.” पोटाला टेकल्याबरोबर तिने असा काही श्वास आत घेतला की शेजारच्या खोलीतला बोलायचा थांबला. खांद्याचा पट्टा पिळला गेला होता, तो सुलटा करायला पुन्हा सगळं खाली. साडेआठला पार्क उघडायचा होता. आम्ही आठ पंचवीसला दारात उभे होतो. चार माणसं, एका कपाटातून काढल्यासारखी दिसणारी, सगळी दमट.

साडेदहापर्यंत रेटा. मग पळा. मुलांना पुसा, केस कोरडे करा, मोजे चढवा, बूट घाला. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी मोठ्या बॅगेच्या तळाशी, वर सगळ्यांचे टॉवेल, वर उशी, वर आजींची औषधं, आणि बॅगेवर बसून चेन लावा. दहा अठ्ठावन्नला काउंटरपाशी या. पट्टा पुढे करा. टिंग. बिलाकडे बघू नका, सही करा. मुलं पेंगुळलेली असतील, आजी दाराकडे निघालेल्या असतील, बाहेर खरं ऊन पडलेलं असेल. तुमच्या मनात येईल, झालं, सुटलो.

तेवढ्यात काउंटरवरची ती हसरी मुलगी पुढे वाकेल आणि तुमच्याशी न बोलता थेट तुमच्या धाकटीला सांगेल, “खोली सोडली तरी हा पट्टा आज रात्री पार्क बंद होईपर्यंत चालतो हं!”

धाकटी तुमच्याकडे बघेल. थोरला बघेल. आणि मग तो तुमच्याच आवाजात, चालीवर, तासाचा आकडा म्हणायला लागेल.

पिशवी तळाशी आहे. उशी धरा कुणीतरी.