साडेचार तासांचा हिशोब : गॅरेज मालकाचे उत्तर

नमस्कार साहेब. तुम्ही दिलेला एक स्टार आणि त्याखालचा मजकूर काल रात्री मुलीने वाचून दाखवला. एवढ्या उन्हात, लहान मुलं बरोबर असताना तुम्हाला साडेचार तास थांबावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. वहिनींना बसायला धड खुर्ची मिळाली नाही, ती चूक आमचीच.

पण तुम्ही लिहिलंय, "पंधरा मिनिटांचं काम. गिऱ्हाईक अडलंय म्हणून मुद्दाम वेळ काढला. मेकॅनिक गॅसवर पातेलं ठेवून चहापाणी करत होते." पहिलं सगळं ऐकून घेतलं असतं, या पातेल्याच्या वाक्याने मात्र झोप लागली नाही. म्हणून लिहितोय.

रविवारी सव्वाअकराला तुमची गाडी पसरणी घाटातून टोचन करून आली. काटा लालवर, बोनेटमधून वाफ. तुम्ही म्हणालात, रेडिएटरचं झाकण काढा आणि पाणी ओता. मी नाही म्हणालो. तापलेल्या रेडिएटरमध्ये प्रेशर असतं, झाकण फिरवलं की उकळतं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, थेट अंगावर येतं. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग तुम्हाला दाखवला होता, तो शिकाऊ असताना अशाच एका झाकणाने दिलाय. इंजिन निवायला पाऊण-एक तास जातोच. त्यात तुम्ही दोनदा एसीसाठी गाडी चालू केलीत. पोरं उकाड्याने रडत होती, मला दिसत होतं. पण दर वेळी काटा परत वर गेला आणि आमचं थांबणं पहिल्यापासून सुरू झालं. शेवटी मी चावी मागून घेतली, त्याचा तुम्हाला राग आला. हे तुमच्या मजकुरात कुठे नाही.

गाडी गरम झाली म्हणजे थर्मोस्टॅटच, म्हणजे कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्हच गेला, असं डोळे झाकून सांगता येत नाही. पंखा, वॉटर पंप, चोक झालेला रेडिएटर, हेड गॅस्केट, कशानेही काटा वर जातो. गॅस्केट असतं तर इंजिन उघडायची वेळ आली असती. पंख्याला डायरेक्ट करंट देऊन बघितला, फिरला. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ होतं, दुधाळ नव्हतं, म्हणून गॅस्केटची शंका कमी झाली. मग कूलंट भरून इंजिन चालू केलं. काटा चढत गेला, तरी इंजिनातून रेडिएटरला जाणारा वरचा होज (रबरी पाइप) कोमट आणि रेडिएटर गार. तुमचाही हात लावून दाखवला होता. गरम कूलंट इंजिनातून रेडिएटरकडे जातच नव्हतं. तेव्हा कुठे थर्मोस्टॅटवर संशय आला.

आता ते पातेलं. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं, ते तापून फुगलं की व्हॉल्व्ह उघडतो. तुमच्या व्हॉल्व्हवर ८२ कोरलेलं आहे, म्हणजे ८२ अंशांच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. दोऱ्याला बांधून, तळाला टेकू न देता पाण्यात सोडला, शेजारी थर्मामीटर. ८२ झाले, ९० झाले, पाणी खदखदायला लागलं, व्हॉल्व्ह मिटलेलाच. अंगावर गंजाचा थर होता. आधी कुणीतरी कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलेलं दिसतं. रविवारी इथली दुकानं बंद, म्हणून नवा साताऱ्याहून एसटीने मागवला. त्यात दीड तास गेला. तोही त्याच पातेल्यात टाकला, कारण खोक्यातून खराब निघालेला व्हॉल्व्ह मी पाहिलाय. ८२ ला किलकिला झाला, नव्वदीच्या पुढे पूर्ण उघडला, मगच बसवला. नंतर कूलंट भरून हवा काढायला वेळ द्यावा लागतो. हवा अडकली असती तर पुढच्याच वळणावर काटा परत लालवर. त्या दिवशी आमच्या कुणाच्या पोटात चहा गेला नव्हता साहेब, जेवणंही तुम्ही गेल्यावर चारला झाली.

तुम्ही म्हणाला होता, व्हॉल्व्ह काढूनच टाका, आमचा नेहमीचा मेकॅनिक तसंच करतो. तसं केलं असतं तर साताऱ्याचा वेळ वाचला असता आणि पार्टचे पैसेही. पण मग इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, आणि महिन्याभराने गाडीवाला आम्हालाच बोल लावतो. वडिलांपासूनचं गॅरेज आहे, असलं काम इथून बाहेर जात नाही. तपासणीचे ३०० रुपये तेवढे घेतले, पार्टची पावती तुमच्या हातात दिली.

एप्रिल-मे हे दोनच महिने आमच्या कमाईचे. घाटात अडलेला माणूस फोनवर स्टार बघून गॅरेज ठरवतो. माझ्याकडे दोन पोरं पगारावर आहेत. जमलं तर मुद्दाम वेळ काढला एवढं वाक्य तरी काढा, बाकीचं राहू द्या. खुर्च्यांचं आणि पंख्याचं लवकरच बघतो, आणि यापुढे वेळ किती लागेल ते आधी सांगत जाऊ.

पंधरा दिवसांनी सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, कूलंटच्या टाकीतली पातळी तेवढी बघा. खालच्या रेघेच्या खाली गेली असेल तर नळाचं पाणी ओतू नका, मला फोन करा. त्याचे पैसे घेणार नाही.