‘फुकटच्या मालानं शेतकरी मरतो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

गरीब देशांना मदत करणं हे श्रीमंत देशांचे उपकार नव्हेत, ते त्यांचं देणं आहे, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर एका वाचकांनी लिहिलंय: ‘भावा, एसीत बसून जगाची चिंता करायला काय जातंय? फुकटचा माल आला की तिथला शेतकरी मरतो. पैसा पुढारी खातात. आपल्या पुरात कोणता देश आला होता? आणि ०.७ टक्के जीडीपीचे नसतात, तेवढं तरी बघायचं.’

शेवटचं आधी. ते बरोबर आहे. श्रीमंत देशांनी दरवर्षी मदतीला द्यायचे ते १९७० च्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावातले ०.७ टक्के राष्ट्रीय उत्पादनाचे होते, आता ते राष्ट्रीय उत्पन्नाचे धरतात. देशांतर्गत उत्पादनाचे, म्हणजे जीडीपीचे, नव्हेत. लेखात दुरुस्ती केलीय, आभार.

आता ‘भावा’. कोल्हापुरात रिक्षावाला ‘भावा’ म्हणतो तेव्हा कानाला गोड लागतं. तुमच्या ‘भावा’त मात्र खडा आहे, आणि तोही नाव न लिहिता मारलेला. एसीचं म्हणाल, तर माझी हयात दूध धंद्यात गेली. माझ्या वाट्याचा एसी म्हणजे डेअरीचं शीतगृह! त्यामुळे फुकटच्या मालाबद्दल निदान मला तरी शिकवू नका.

१९७० साली आपल्याकडे ऑपरेशन फ्लड ही दूधवाढीची देशव्यापी योजना सुरू झाली ती फुकटच्या मालावरच. युरोपीय आर्थिक समुदायाकडं (आताच्या युरोपीय संघाचं आधीचं रूप) अनुदानापायी दूध पावडर आणि बटर ऑइल (लोण्यातलं पाणी काढून उरलेलं तुपासारखं फॅट) यांचे ढीग साचले होते. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत पहिल्या टप्प्यासाठी १ लाख २६ हजार टन पावडर आणि ४२ हजार टन बटर ऑइल ठरलं. हे नुसतं वाटून टाकलं असतं, तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं झालं असतं.

कसं, ते हिशोबानं बघा. शंभर किलो टोन्ड दूध करायला साधारण ९ किलो स्किम (साय काढलेल्या दुधाची) पावडर, ३ किलो बटर ऑइल आणि ८८ किलो पाणी लागतं. पाणी ४५ अंशांच्या आसपास कोमट हवं, गार पाण्यात पावडरीच्या गाठी होतात. बटर ऑइल वितळवून घालायचं आणि होमोजिनायझरमधून (फॅटचे थेंब बारीक करून दुधात मिसळणारं यंत्र) काढायचं, नाहीतर वर तेलाचा तवंग येतो. मग पाश्चरायझेशन. दूध निघतं ३ टक्के फॅट आणि साडेआठ टक्के एसएनएफचं (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक). पावडर आणि तेल फुकट असेल, तर खर्च उरतो वाफ, वीज आणि मजुरीचा. मग ऐन पुष्टकाळात, म्हशी भरभरून देत असताना, शहरातली डेअरी गावच्या सहकारी दूध संस्थेचं दूध कशाला घेईल? आणि परत फिरवलेला टँकर संस्थेनं कुठं ओतायचा?

ऑपरेशन फ्लड चालवणाऱ्या व्हर्गीस कुरियन यांनी नेमकं हेच ओळखलं. माल दानात घेतला, पण शहरातल्या डेअऱ्यांना तो विकला, आणि तोही गावच्या दुधाचा दर पडणार नाही अशा भावानं. त्या पैशातून शीतकरण केंद्रं, टँकर, प्रक्रिया प्रकल्प उभे राहिले. म्हणजे शेतकरी मरतो तो भाव पाडल्यामुळं, आणि तो दान न देताही पाडता येतो. हैती या कॅरिबियन देशात १९९५ च्या सुमारास तांदळावरचं आयात शुल्क एकदम ३ टक्क्यांवर आणलं. अनुदानावर पिकलेला अमेरिकन तांदूळ आत आला आणि तिथला भात उत्पादक बसला. ही मदत नव्हती, व्यापार होता. तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनी २०१० साली त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

ज्याच्या अनुदानानं माझ्या दुधाचा दर पडतो, त्यानं मला शीतकरण केंद्र बांधून दिलं, तर मी हात पसरला असं कसं म्हणता? लेखात हेच लिहिलं होतं. वाचायचं की जरा.

पुढारी खातात म्हणे. खातात. इथंही खातात, म्हणून संस्थेत दूध घालायचं कुणी थांबलंय?

आणि आपल्या कोल्हापूरकडच्या २०१९ च्या पुराचं. २००४ च्या त्सुनामीपासून आपत्तीत परदेशी सरकारांची मदत आपणच सहसा घेत नाही. २०१८ ला केरळच्या पुरात देऊ केलेलीही नाकारली. दारातून परत पाठवायचं आणि वर ‘आला नाहीत’ म्हणून रुसायचं, हे कुठलं?