झुडपी जंगलाचं उदाहरण काहून नाही?

जमिनीचा कायदा आणि पर्यावरणाचा कायदा वेगवेगळा शिकवूच नये, हे प्राध्यापक सरांचं लेखातलं म्हणणं एकदम पटलं, पण उदाहरणं सगळी शहरातलीच काहून? आमच्या पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल, म्हणजे महसुली कागदात झुडपांची म्हणून नोंदलेली जमीन, घ्या ना. घरामागच्या जागेच्या सातबाऱ्यावर झुडपी जंगल लिहिलंय, तिथं दोन पळस अन् अंगणवाडीची खोली, सकाळी आखरावर गुरं जमतात, बाबांनी किती चकरा मारल्या, महसूलवाले म्हणत वनवाल्यांकडे जा अन् ते परत पाठवत.

मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं झुडपी जंगल म्हणजे वनजमीनच असं सांगितलं, फक्त १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सरकारनं वाटलेल्या अशा जमिनीला वेगळी वाट ठेवली, आता आम्ही त्याआधीचा कागद शोधतोय. हे नीट समजावणारा वकील तालुक्यात सापडत नाही, सरांचे विद्यार्थी इकडे यायला पाहिजेत.